हलकी आणि लांब ट्रॅव्हलची माउंटन बाइक : वजन कुठून उतरवावे?

दगडधोंड्यांच्या, उताराच्या वाटांवर जोमाने चालवता येईल अशी माउंटन बाइक सुटे भाग जमवून स्वतः बांधण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्या पत्रात मांडलेली चूक मी स्वतः केलेली आहे आणि ती दुसऱ्या कोणी करू नये असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : माझे वजन ७४ किलो आहे. सध्याची माझी ॲल्युमिनियमची सायकल १५ किलोंहून जड आहे आणि चढावर तिचे ओझे वाटते. आता कार्बनची फ्रेम घेऊन बाकीचा प्रत्येक भाग स्वतः निवडून नवी सायकल बांधायची आहे. फ्रेमचा मागचा ट्रॅव्हल (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर चाक जेवढे वर सरकते ते अंतर) १५० मिमी असून ती पुढे १६० मिमीच्या फोर्कसाठी (पुढच्या सस्पेन्शनसाठी) आखलेली आहे. पेडल सोडून वजन साडेबारा किलोंच्या आत बसावे यासाठी मी ३४ मिमी नळ्यांचा १५० मिमीचा हलका फोर्क, प्रत्येकी ७५० ग्रॅमचे टायर, दोन पिस्टनचे ब्रेक आणि १६० मिमीचे रोटर (ब्रेक ज्यांना आवळतात त्या चकत्या) निवडले आहेत. कागदावरची बेरीज १२.४ किलो येते. उतारावर मी वेगाने जातो आणि उड्याही मारतो. ही निवड योग्य आहे का?

उत्तर : प्रत्येक भागाचे वजन लिहून बेरीज करण्याची तुमची पद्धत उत्तम आहे, पण त्या बेरजेतून जो निष्कर्ष तुम्ही काढलात तो मला पटत नाही. तुमच्यासारख्या वजनाचा आणि वेगाने उतरणारा माणूस जी सायकल निर्धास्तपणे चालवू शकेल, तिची बेरीज मी माझ्या परीने करून पाहिली. शॉकसह (मागच्या सस्पेन्शनच्या दबणाऱ्या भागासह) कार्बनची फ्रेम आणि ३६ मिमी नळ्यांचा फोर्क मिळून सुमारे ५.१ किलो, चाके, टायर, सीलंट (टायरमधील छिद्रे बुजवणारा द्रव), व्हॉल्व्ह आणि मागच्या टायरमधील फोमचा इन्सर्ट (टायरच्या आत बसवलेले कडे) मिळून ४.४ किलो, चार पिस्टनचे ब्रेक आणि २०० मिमीचे दोन रोटर मिळून एका किलोला थोडे कमी, क्रँक, कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच), चेन, डिरेलर आणि शिफ्टर मिळून १.८ किलो, ड्रॉपर सीटपोस्ट (चालवतानाच सीट खाली-वर करता येणारा दांडा) आणि सीट मिळून सुमारे ८६० ग्रॅम, आणि हँडलबार, स्टेम (हँडलबारला फोर्कशी जोडणारा तुकडा), ग्रिप, हेडसेट व किरकोळ बोल्ट मिळून सुमारे ६०० ग्रॅम. ही बेरीज पावणेचौदा किलोंच्या आसपास जाते. तुमच्या आणि माझ्या आकड्यांत साधारण १.४ किलोंचे अंतर आहे. ते कुठून आले हे शोधले तर असे दिसते की नऊशे ग्रॅम टायर आणि इन्सर्टमधून, अडीचशे ग्रॅम फोर्कमधून आणि अडीचशे ग्रॅम ब्रेकमधून कमी झाले आहेत. म्हणजे जमिनीला धरून ठेवणारा भाग, पुढचे चाक सरळ ठेवणारा भाग आणि सायकल थांबवणारा भाग, एवढ्या तिघांनीच सगळी बचत सोसली आहे. बाकी सायकल दोन्ही याद्यांत जवळजवळ सारखीच आहे.

आता या १.४ किलोंच्या बदल्यात चढावर काय मिळते ते पाहा. तुम्ही, तुमचे सामान आणि सायकल मिळून ९२ किलो धरू आणि पेडलवर सरासरी २०० वॉट शक्ती लावून तुम्ही ६०० मीटर उंची चढता असे समजू. टायरचे घर्षण बाजूला ठेवले तर या चढाला सुमारे ४५ मिनिटे लागतील, आणि १.४ किलो कमी असतील तर त्यांतील सुमारे ४० सेकंद वाचतील. चाळीस सेकंद क्षुल्लक आहेत असे मी म्हणणार नाही, दिवसभर चढ-उतार करणाऱ्याला ते जाणवतात; पण फाटलेल्या टायरला आतून तुकडा लावून, ट्यूब घालून, हवा भरून पुन्हा निघायला पंधरा मिनिटे सहज जातात, आणि तेही टायर दुरुस्त होण्याजोगा असेल तर.

चाकाच्या कडेवरचे वजन दुप्पट मोजावे असे नेहमी सांगितले जाते. ते वेग वाढवताना खरे आहे, कारण कडेवरच्या प्रत्येक ग्रॅमला सायकलबरोबर पुढे न्यावे लागते आणि शिवाय फिरवावेही लागते. एकसारख्या गतीने चढताना मात्र त्या ग्रॅमला वेगळे महत्त्व उरत नाही. तो बाटलीतल्या पाण्याइतकाच जड असतो. वळणातून बाहेर पडून पुन्हा पुन्हा जोर लावावा लागणाऱ्या वाटेवर हलके चाक चपळ वाटते हे मलाही मान्य आहे, परंतु त्यासाठी टायरची भिंत पातळ करणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे.

मी पहिल्यांदा १६० मिमीची सायकल बांधली तेव्हा तिच्यावर सव्वासातशे ग्रॅमचे टायर चढवले होते. अंगणात सायकल एका हाताने उचलली की फार समाधान वाटे. दुसऱ्याच दिवशी, एका उतारावर, कोपऱ्यात उभ्या असलेल्या धारदार दगडाने मागच्या टायरची बाजू बोटभर लांब चिरली, सीलंट तिथे टिकणे शक्यच नव्हते, आणि उरलेली वाट मी सायकल ढकलत उतरलो. त्या दिवशी मला कळलेली गोष्ट अशी की सस्पेन्शन जितके लांब, तितका माणूस वेगाने आणि बेफिकिरीने दगडांत शिरतो, आणि तो सगळा मार आधी टायरला बसतो. १६० मिमीचा फोर्क जे खड्डे गिळू शकतो त्या खड्ड्यांत टायरच टिकणार नसेल, तर त्या फोर्कचा अर्धा ट्रॅव्हल तुम्ही कधी वापरणारच नाही.

म्हणून माझा सल्ला असा : पुढे हजार-अकराशे ग्रॅमचा, मजबूत बाजूंचा पण एकपदरी टायर घ्या आणि मागे बाराशे ग्रॅमच्या आसपासचा, अधिक जाड आवरणाचा घ्या, कारण मार मागच्या चाकाला अधिक बसतो. पुढचे रबर मऊ असावे, मागचे तुलनेने कडक असावे. चढावर मागचा टायर ओढल्यासारखा वाटतो तो बहुतेक वेळा त्याच्या वजनामुळे नसून मऊ, चिकट रबरामुळे आणि उंच गाठींमुळे असतो. मागे कडक रबराचा आणि मधोमध ठेंगण्या, जवळजवळ बसवलेल्या गाठींचा टायर घातला तर वजन तेच राहूनही सायकल सुटी पळू लागते. जाड आवरणाचा आणखी एक फायदा आहे. टायरची भिंत स्वतःच आधार देत असल्याने हवा कमी ठेवता येते आणि पकड वाढते. तुमच्या वजनाला पुढे २२ आणि मागे २५ पीएसआय हवेने सुरुवात करा आणि मग एक-एक पीएसआयने बदलत तुमचा आकडा शोधा.

फोर्कविषयी. तुमची फ्रेम १६० मिमीच्या फोर्कसाठी आखलेली असताना १५० मिमीचा लावल्यास पुढची बाजू साधारण १० मिमी खाली बसते, हेड अँगल (फोर्कचा जमिनीशी होणारा कोन) सुमारे अर्ध्या अंशाने उभा होतो आणि पेडल जमिनीच्या थोडे जवळ येतात. हे सगळे चालवून घेता येते. खरा प्रश्न नळ्यांच्या जाडीचा आहे. भिंतीची जाडी तेवढीच ठेवली तर नळीचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ३४ मिमीवरून ३६ मिमीवर गेल्यास तो सुमारे १९ टक्क्यांनी जास्त असतो. जोरात ब्रेक लावून दगडांत शिरताना नळ्या मागे वाकतात, आतील बुशवर तिरक्या दाबल्या जातात आणि नेमक्या गरजेच्या वेळी फोर्क अडकत-अडकत सरकतो. हाताला तो कडक वाटतो, माणूस हवा कमी करतो, मग तो खोल बुडतो. अडीचशे ग्रॅमसाठी हे दुष्टचक्र ओढवून घेऊ नये. फॉक्सचा ३६ किंवा रॉकशॉक्सचा लिरिक या वर्गातील फोर्क दोन किलोंच्या आसपास असतात आणि तुमच्या वजनाला ते पुरेसे आहेत. ३८ मिमी नळ्यांचे फोर्क आणखी मजबूत असले तरी तुमच्यासाठी त्यांची गरज मला दिसत नाही. ते बऱ्याच जड माणसासाठी किंवा १७० मिमीहून लांब ट्रॅव्हलसाठी ठेवा.

ब्रेकबाबत फार बोलण्यासारखे नाही. रोटर १६० वरून २०० मिमीचा केला की लिव्हरवरचा जोर तोच ठेवून थांबवण्याची ताकद सव्वापट होते, उष्णता पसरायला धातूही अधिक मिळतो, आणि दोन्ही रोटर मिळून वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास वाढते. लांब उतारावर बोटे आखडली की माणूस चुका करू लागतो. चार पिस्टन आणि मोठे रोटर घ्या.

वजन उतरवण्याच्या योग्य जागा वेगळ्या आहेत, आणि त्यांत पहिली जागा कॅसेटची आहे. बारा गिअरच्या साध्या पोलादी कॅसेटचे वजन सहाशे ग्रॅमच्या वर जाते, शिमानोच्या एक्सटी वर्गातील १०-५१ दातांची कॅसेट सुमारे ४७० ग्रॅमची असते आणि एक्सटीआर वर्गातील तेवढ्याच दातांची सुमारे ३७० ग्रॅमची. एकाच भागात अडीचशे ग्रॅम उतरतात, ते मागच्या अ‍ॅक्सलवरून उतरतात, आणि कॅसेट हलकी असल्यामुळे कोणी पडल्याचे मी ऐकलेले नाही. मागच्या अ‍ॅक्सलचा उल्लेख मुद्दाम केला. चाक, टायर, कॅसेट, मागचा ब्रेक हे सर्व सस्पेन्शनच्या खालचे वजन आहे. दगडावर आदळून वर उडालेले चाक शॉकला पुन्हा जमिनीवर आणायचे असते आणि ते जितके हलके तितके ते लवकर जमिनीला लागते. सायकलचे एकूण वजन कमी करताना वरचे वजन फार घटले आणि खालचे तसेच राहिले तर सायकल उलट अधिक उसळते. त्यामुळे खालचे वजन कमी करणे हितावहच आहे, फक्त ते टायरच्या भिंतीतून न काढता कॅसेटमधून, हबमधून आणि स्पोकमधून काढावे.

स्पोक मधल्या भागात बारीक केलेले, म्हणजे टोकांना २ मिमी आणि मध्ये १.८ मिमीचे घ्यावेत. साठ-बासष्ट स्पोकमध्ये साठेक ग्रॅम वाचतात आणि चाक अधिक टिकाऊ होते, कारण मधला बारीक भाग थोडा ताणला जाऊन धक्का शेजारच्या स्पोकमध्ये वाटला जातो. निपल (स्पोक रिमला आवळणारे छोटे नट) मात्र पितळेचे ठेवा. ॲल्युमिनियमचे निपल सीलंट आणि ओलावा यांच्या संगतीत गंजतात आणि वाचतात ते जेमतेम चाळीस ग्रॅम. रिमबाबत माझे मत असे आहे की पुढे कार्बनची चालेल, मागे ॲल्युमिनियमची बरी. ॲल्युमिनियमच्या रिमला पोचा आला तर तो पान्याने सरळ करून घरी पोहोचता येते. कार्बनची रिम एकदा तडकली की तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

मागचा शॉक हवेचा घ्या. पोलादी स्प्रिंगचा शॉक फार मुलायम चालतो आणि लांब उतारावर तापूनही आपला स्वभाव बदलत नाही, पण तो साधारण चारशे-पाचशे ग्रॅमने जड पडतो आणि तुमच्या वजनाला जुळणारी स्प्रिंग शोधावी लागते. ज्याला हलकी सायकल हवी त्याने इथे मोह आवरावा. कार्बनचे क्रँक सव्वाशे ग्रॅमच्या आसपास वाचवतात, कार्बनचा हँडलबार साठ-सत्तर. मात्र हँडलबार घेताना तो कोणत्या वापरासाठी आहे ते नीट पाहा. एएसटीएम एफ २०४३ या मानकानुसार सायकली आणि भागांचे वापराप्रमाणे वर्ग पाडले जातात : तिसरा वर्ग खडबडीत वाटा आणि ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्यांसाठी, चौथा १२२ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्यांसाठी, आणि पाचवा त्याहून कठोर वापरासाठी असतो. तुमच्या वर्णनावरून हँडलबार, स्टेम, रिम आणि फोर्क हे चौथ्या किंवा पाचव्या वर्गाचे असावेत. तिसऱ्या वर्गाचा हँडलबार शंभर ग्रॅमने हलका मिळाला तरी तो दुकानातच राहू द्यावा.

शेवटी, भाग हातात आल्यावर प्रत्येक भाग स्वतः वजनकाट्यावर ठेवा. छापील वजन बहुधा सर्वांत लहान मापाचे आणि केबल, अ‍ॅक्सल, ऑइल यांशिवायचे असते. सीलंट, व्हॉल्व्ह, रिमची टेप, हेडसेट, ग्रिप, ड्रॉपरचा लिव्हर आणि केबल हे सगळे कागदावर विसरले जाते आणि काट्यावर पाऊण किलोंच्या घरात येते. तुमची सायकल १३.७ किलोंना बांधली गेली तर ती हलकीच म्हणावी, आणि जुन्या सायकलपेक्षा ती चढावर किती वेगळी वाटते ते पहिल्याच दिवशी तुम्हाला कळेल.

प्रश्न : माझ्याकडील फ्रेम हलकी असली तरी तिचा मागचा ट्रॅव्हल १४० मिमीच आहे. शॉक २१० × ५० मापाचा आहे. त्याऐवजी २१० × ५५ मापाचा शॉक बसवून आणि पुढचा फोर्क १० मिमीने वाढवून तिलाच लांब ट्रॅव्हलची करता येईल का? नवी जड फ्रेम घेण्यापेक्षा हे सोपे वाटते.

उत्तर : कल्पना चुकीची नाही, आणि काही फ्रेमच्या बाबतीत उत्पादक स्वतःच तशी परवानगी देतात, मात्र ती परवानगी आहे का हे शॉक विकत घेण्यापूर्वी लेखी तपासावे. शॉकच्या मापातील पहिला आकडा त्याची एकूण लांबी सांगतो आणि दुसरा तो किती दाबला जातो ते सांगतो. लांबी २१० मिमीच राहिल्यामुळे सायकल उभी असताना तिची ठेवण बदलत नाही. तुमच्या फ्रेममध्ये शॉक १ मिमी दाबला की चाक सरासरी २.८ मिमी वर येते, त्यामुळे ५ मिमीचा वाढीव स्ट्रोक हिशेबाने १४ मिमी देतो. पण बहुतेक फ्रेममध्ये शेवटाकडे हे गुणोत्तर घटत जात असल्याने प्रत्यक्षात १२ ते १३ मिमी मिळतील असे समजावे.

धोका असतो तो शेवटच्या त्या बारा-तेरा मिलिमीटरमध्येच. फ्रेम आखताना चाक इतके वर येईल हे धरलेले नसेल तर टायर सीटट्यूबवर घासतो, किंवा मागच्या त्रिकोणाचा जोड फ्रेमवर आदळतो, किंवा लिंकचा (मागच्या त्रिकोणाला शॉकशी जोडणाऱ्या तुकड्याचा) कोपरा शॉकच्या अंगाला लागतो, आणि मोठ्या उडीवरून उतरताना कार्बनवर असा एकच घाव पुरेसा असतो. पाहण्याची रीत अशी : शॉकमधील सर्व हवा सोडा, वापरणार आहात तोच टायर पूर्ण हवेने भरून चाक बसवा आणि सीटवर भार देऊन मागचे चाक अगदी शेवटपर्यंत वर येऊ द्या. टायर आणि फ्रेम यांच्यात सर्वत्र बोट आरामात जाईल एवढी जागा उरली पाहिजे, कारण चालताना चाक वाकते आणि टायरला चिखलही चिकटतो. सीटपोस्ट पूर्ण खाली केलेला असताना सीट टायरला लागत नाही ना, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

पुढचा फोर्क १० मिमीने वाढवल्याने हेड अँगल सुमारे अर्ध्या अंशाने कलतो आणि उतारावर सायकल स्थिर होते, पण त्याच वेळी सीटट्यूबही तेवढीच मागे कलते आणि तीव्र चढावर पुढचे चाक भटकू लागते. सीट पुढे सरकवून हे काही अंशी भरून निघते. लिरिक किंवा ३६ सारख्या फोर्कमध्ये आतील एअर शाफ्ट बदलून ट्रॅव्हल वाढवता येतो, पूर्ण फोर्क नवा घ्यावा लागत नाही. फ्रेमच्या कागदपत्रांत फोर्कची कमाल लांबी दिलेली असते. ती ओलांडू नये, कारण लांब फोर्क हेडट्यूबच्या जोडावर अधिक तरफ लावतो. शिवाय १४० मिमीसाठी आखलेल्या फ्रेमच्या नळ्या आणि बेअरिंग त्या वापराला पुरतील एवढेच बनवलेले असतात. तुम्ही वजनाने हलके असाल आणि ट्रॅव्हल केवळ चुका सांभाळून घेण्यासाठी हवा असेल तर हा बदल जरूर करा. मोठ्या उड्यांसाठी हवा असेल तर त्या कामासाठी बनलेली फ्रेम घ्या, ती अर्धा किलो जड असली तरी.

प्रश्न : सायकलचे सर्व बोल्ट टायटॅनियमचे करावेत का? किती वजन वाचेल?

उत्तर : टायटॅनियमची घनता सुमारे ४.५ आणि पोलादाची सुमारे ७.८५ आहे, म्हणजे त्याच मापाचा बोल्ट चाळीस टक्क्यांहून थोडा अधिक हलका होतो; पण साऱ्या सायकलवर बदलण्याजोगे बोल्ट इतके थोडे असतात की शेवटी पन्नासेक ग्रॅम वाचतात. तेवढाच खर्च कॅसेटवर केला तर त्याच्या कितीतरी पट वजन उतरते. तरीही बदलायचे असतील तर स्टेमचे आणि लिव्हरच्या पट्ट्यांचे बदला, ते दर्जा ५ च्या मिश्रधातूचे असावेत, आणि आटे न चिकटू देणारे ग्रीस लावल्याशिवाय बसवू नका, कारण टायटॅनियमचे आटे कोरडे आवळल्यास एकमेकांत रुततात. रोटर आणि ब्रेक कॅलिपरचे बोल्ट उत्पादकाने दिले तेच ठेवा. ॲल्युमिनियमचे बोल्ट बाटलीच्या स्टँडखेरीज कुठेही लावू नयेत. आणि टॉर्क रेंच (किती जोराने आवळले ते मोजणारा पाना) आधी घ्या : स्टेमवर बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपासची मर्यादा छापलेली असते, आणि नुसत्या हाताच्या अंदाजाने आवळताना ती सहज ओलांडली जाते, विशेषतः खाली कार्बनचा हँडलबार असताना.